तिसरे आठ तास



या व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा ते चुकून माझ्या पत्त्यावर आले असावे असेच मला वाटले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगाव उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांनी बोलावे व आपण ऐकावे अशी चाल पडली. मी ऐकणाऱ्यांपैकी. माझी शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील कपाटात होते ते. त्यात कायद्याची पुस्तके अधिक, इतिहासाची थोडी. वर्गात शिकलेला मनुष्य आणि कपाटातून शिकलेला मनुष्य यांत एक फरक असतो. कपाट प्रश्न विचारीत नाही. त्यामुळे आपल्याला काय आले नाही, हे फार उशिरा कळते. आजचे माझे भाषण अशाच एका उशिरा कळलेल्या धड्यावर आहे.

चालकांची इच्छा होती की मी कामगार कायद्यांवर बोलावे. मी त्यांना म्हटले, कायद्यांवर मी कारखान्यांच्या दारात तीस वर्षे बोलतो आहे. एकदा घरावर बोलू द्या. माझे लग्न उशिरा झाले, चाळिशीच्या उंबऱ्यावर. त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी माझी थोरली मुलगी अकरा वर्षांची आहे आणि धाकटी सात. माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे. माझी आई आमच्याजवळ असते. भोसरीतल्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसे राहतो. या घरातला वसंत ऋतू कसा असतो आणि त्या ऋतूत मी कोठे असतो, एवढाच माझा विषय आहे.

वसंत म्हटला की आपल्याला कोकिळा आठवते आणि आंब्याचा मोहोर आठवतो. ते खरेच आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीतसुद्धा कंपाउंडाच्या भिंतीलगत बहावा पिवळा होतो, गुलमोहर पेटतो, आणि कोकिळा भोंग्याला न भिता ओरडते. पण घरातला वसंत झाडावर नसतो, तो गच्चीवर असतो. होळी झाली की आई गहू भिजत घालते. तीन दिवस पाणी बदलावयाचे, मग वाटून चीक काढावयाचा, मग पातेल्यात तो शिजवावयाचा. शिजलेल्या गरम चिकावर तूप घालून पहिली वाटी मुलींना मिळते. मग सोऱ्या घेऊन गच्चीवर जावयाचे, जुने लुगडे अंथरावयाचे आणि कुरडया घालावयाच्या. कावळे राखणे हे मुलींचे काम. धाकटी हातात काठी घेऊन सावलीत बसते आणि दर पाच मिनिटांनी एक अर्धी ओली कुरडई स्वतःच खाते. कावळ्यांपेक्षा तिचेच नुकसान जास्त, असे आई म्हणते. पाडव्याला कडुलिंबाचा मोहोर आणि गूळ, गळ्यात साखरेच्या गाठी, चैत्रात हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि कैरीचे पन्हे. त्यातच सकाळची शाळा, वार्षिक परीक्षा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हरवणारी कंपासपेटी. हे सारे मी आपल्याला सांगतो आहे खरे, पण यातले पुष्कळसे मी ऐकून सांगतो आहे.

कारण आमच्या धंद्यातला वसंत निराळा असतो. पुष्कळ कंत्राटांची मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिल उजाडला की कोणाचे नाव नव्या यादीत नाही, कोणाचा पास बंद केला, कोणाला ब्रेक दिला, याच्या तक्रारी सुरू होतात. रात्री अकरापर्यंत कचेरीत माणसे असतात. मग १ मे येतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हापासून आपल्याला एका दिवशी दोन सण साजरे करावे लागतात आणि मला दोन्हीकडे बोलावे लागते. म्हणजे मुलींना ज्या दिवसांत बाप मोकळा हवा असतो, नेमके तेच दिवस माझ्या वहीत भरलेले. असे वर्षानुवर्षे चालले. याबद्दल मला खंत वाटे असेही नाही. उलट एक प्रकारचा अभिमान वाटे. चळवळीच्या माणसाला घर नसते, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. ते ऐकावयास चांगले वाटते.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. थोरली तेव्हा चौथीत होती. शाळेतून एक तक्ता भरून आणावयास सांगितला होता. घरातली कामे एकाखाली एक, आणि पुढे ते काम कोण करते त्याचे नाव. मी एका रात्री लवकर, म्हणजे साडेनवाला, घरी आलो तेव्हा वही उघडी होती. स्वयंपाक, आई. धुणे, आई. भांडी, आई आणि मी. पाणी भरणे, मी. भाजी निवडणे, आजी. लहान भावंडांना सांभाळणे, मी. सगळा तक्ता भरला तरी माझे नाव कोठेच आले नव्हते. मुलगी न्यायबुद्धीची आहे. बापाचे नाव अगदीच नाही हे तिला बरे वाटले नसावे. तिने खाली पट्टीने एक जादा ओळ आखली होती आणि लिहिले होते, रात्री घरी येणे, बाबा.

मी खूप हसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत ही गोष्ट सांगितली, तेव्हा सगळे हसले. ज्याच्या त्याच्या घरी हाच तक्ता होता, म्हणून हसणे सोपे गेले.

हसू मावळले ते पंधरा दिवसांनी. बसच्या थांब्यावर मुलीच्या शाळेतले खेळाचे शिक्षक भेटले. त्यांनी विचारले, "मुलीची प्रकृती बरी आहे ना?" मी म्हटले, "उत्तम. का बरे?" ते म्हणाले, "महिना झाला, सरावाला येत नाही. खो-खोत चांगली पळायची हो. त्या वयात दोन मिनिटे सहज काढणारी मुलगी रोज मिळत नाही. आता संघ निवडून झाला."

मला तर ती खो-खो खेळते एवढेच माहीत होते. ती खेळावयाची थांबली हे माहीत नव्हते. ज्या मनुष्याला साठ कारखान्यांतली कोणती पाळी किती वाजता सुटते हे तोंडपाठ आहे, त्याला स्वतःच्या मुलीचा सराव किती वाजता असतो हे ठाऊक नव्हते.

रात्री तिला जवळ बसवून विचारले. तिने काही तक्रार केली नाही. हिशेब सांगावा तसे सांगितले. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येते, पाच वाजता येते आणि सव्वासहाला जाते. सराव पाच ते साडेसहा. आई त्या वेळी वस्तीत घरभेटीला गेलेली असते. आजीला बादली उचलवत नाही. धाकटीला एकटे सोडले तर ती रस्त्यावर जाते. मी म्हटले, "अगं, मग मला सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर म्हणता कामगारांचं काम मोठं आहे. म्हणून मग मीच थांबले."

भगिनींनो आणि बंधूंनो, माझ्या भाषणांचा इतका परिणाम दुसऱ्या कोणावर झालेला मला आठवत नाही.

त्या रात्री मला माझी आक्का आठवली. माझे वडील परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी अकरा वर्षांचा होतो, आक्का तेरा वर्षांची. होळीपर्यंत घरातली भांडी गहाण पडली आणि पाडव्याच्या सुमारास आम्ही पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो. तेथे आई दुसऱ्याच्या रानात जाऊ लागली. घरात लहान भाऊ होता, म्हातारी आजी होती, म्हैस होती. दोघांपैकी एकाने घरी थांबले पाहिजे, असे ठरले. कोणी ठरविले, ते कोणाला आठवत नाही. बैठक झाली नाही, ठराव झाला नाही, मतदान झाले नाही. आक्का थांबली. मी आणखी तीन वर्षे शाळेत गेलो. मी आज आपल्यासमोर स्वतःच्या बळावर शिकलेला मनुष्य म्हणून उभा आहे. चालकांनी माझी ओळखही तशीच करून दिली. त्यात एक दुरुस्ती करतो. मी जेवढे शिकलो त्यातली तीन वर्षे आक्काच्या नावावर आहेत.

संपाबद्दल मी शेकडो वेळा बोललो आहे. मालकांबद्दल बोललो, सरकारबद्दल बोललो, पुढाऱ्यांच्या चुकांबद्दल बोललो. आक्काच्या शाळेबद्दल एकदाही बोललो नव्हतो. ती गोष्ट मला चळवळीतली वाटलीच नाही, घरगुती वाटली. आणि बेचाळीस वर्षांनी त्याच ऋतूत, माझ्या घरात, एक मुलगी तशीच कोणी न सांगता थांबली होती. या वेळी संप नव्हता, उपासमार नव्हती. फक्त बाप घरी नव्हता.

आता थोडे इतिहासाकडे वळतो, कारण तेथे माझा मुद्दा आहे. आठ तास काम, आठ तास मनोरंजन आणि आठ तास विश्रांती, ही घोषणा रॉबर्ट ओवेन याने १८१७ साली दिली. तो स्वतः गिरणीमालक होता, हे आमच्या सभांत सांगितले की लोकांना गंमत वाटते. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोचे कामगार याच आठ तासांसाठी लढले. आपल्याकडे काय होते? १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांच्या आतील मुलांना कारखान्यात ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तास नेमून दिले. नऊ तास ही त्या काळी सवलत होती! मोठ्या माणसांना तर मर्यादाच नव्हती. १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ केले, मुलांचे काम सात तासांवर आणले, स्त्रियांचे अकरा तासांवर. पुढे १९२२ साली आठवड्याचे साठ तास झाले, १९३४ साली बारमाही कारखान्यांत चोपन्न, आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. १९४८ च्या कारखाना कायद्याने ते कायम केले. आठवड्याचे बारा तास कमी करावयास चोवीस वर्षे लागली. यातला एकेक तास कोणी ताटात वाढून दिलेला नाही.

आठवड्याची सुटीही अशीच मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सुटीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलात, म्हणजे याच दिवसांत, मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण सारे दर आठवड्याला जो रविवार भोगतो, त्याच्या पाठीमागे ती एप्रिलातली सभा आहे आणि त्या दोन बायका आहेत.

हे लोखंडे कोण? जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. आणि जोतीराव व सावित्रीबाई कोण? १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणारे. मी ही दोन नावे कित्येक वर्षे निरनिराळ्या खणांत ठेवीत आलो होतो. लोखंडे म्हणजे कामगार चळवळ, सावित्रीबाई म्हणजे स्त्रीशिक्षण. लोखंड्यांची जयंती युनियन करणार, सावित्रीबाईंची शाळा करणार. वस्तुतः हे एकच घराणे आहे. ज्यांनी मुलींना घरातून शाळेत आणले, त्यांच्याच शाळेत कामगारांचा रविवार जन्मला. मुलीचा वेळ तिचा स्वतःचा आहे आणि कामगाराचा वेळ त्याचा स्वतःचा आहे, हा एकच विचार आहे. आपण वारसांनी मात्र इस्टेटीची वाटणी करून घेतली. कामगाराचा वेळ आम्ही घेतला आणि मुलीचा वेळ पंतोजींकडे सोपविला.

पहिले आठ तास मालकाचे, त्यांवर आम्ही पहारा ठेवला. दुसरे आठ तास झोपेचे, ते निसर्ग वसूल करतो. तिसरे आठ तास कोणाचे, हे मात्र आम्ही कधी नीट विचारले नाही. पुरुषाचे तिसरे आठ तास चहाच्या टपरीवर, बैठकीत, फार तर मोबाइलवर जातात. स्त्रीचे कोठे जातात? केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींची ती पाहणी होती. घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. शिवाय असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत एक्याऐंशी, आणि पुरुष शंभरांत सव्वीस. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. आमच्या हिशेबाने ती सबंध अर्ध्या पाळीहून अधिक झाली. तिला हजेरी नाही, पगारपत्रक नाही, आठवड्याची सुटी नाही. लोखंड्यांचा रविवार स्वयंपाकघरापर्यंत अजून पोचलेला नाही. उलट रविवारी तेथे काम वाढते, कारण घरात सुटी घेतलेली माणसे जेवावयास असतात.

माझ्या पत्नीचीच गोष्ट घ्या. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सेविका दिवसभर दुसऱ्यांची मुले सांभाळते, वजने घेते, घरभेटी देते, रात्री मोबाइलवर माहिती भरते. तिला मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी गेलो आणि पत्नीला निकाल समजावून सांगू लागलो. ती पोळ्या लाटीत होती. मी पाऊण तास बोललो, तिने पंधरा पोळ्या केल्या. शेवटी ती म्हणाली, "अहो, निकाल चांगला आहे. पण तेवढा तवा उतरवता का?" मी ते तेव्हा विनोद म्हणून घेतले.

मग पुढे काय केले, ते सांगितले पाहिजे. नाही तर हे भाषण नुसते पश्चात्तापाचे होईल, आणि पश्चात्ताप हीदेखील फावल्या वेळची चैन आहे.

आमच्या कार्यकारिणीची बैठक दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला भरे आणि नऊपर्यंत चाले. मी कार्यकारिणीपुढे प्रश्न मांडला, की हे तीन तास आपण कोणाच्या खात्यातून घेतो? पुरुष सभासद हसले. एक जण म्हणाला, "भाऊ, आता घरच्या भांड्यांवर चर्चा करायची का?" तेवढ्यात सफाई विभागातली एक सभासद उठली. कार्यकारिणीत दोन स्त्रिया होत्या, त्या क्वचितच येत. आणि त्या येत नाहीत म्हणून आम्ही अहवालात लिहीत असू, की महिला सभासदांत जागृतीचा अभाव आहे. ती बाई म्हणाली, "दादा, सहा वाजता माझ्या घरी चूल पेटते. तुम्ही बैठक सहाला ठेवता. मग आम्ही येत नाही म्हणून लिहिता. आता अहवालात हे पण लिहा."

ते आम्ही लिहिले. बैठक आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा, असे ठरले. मुले बरोबर आणावयास मोकळीक ठेवली. पहिल्या रविवारी कचेरीत मुलांनी शिक्क्याची शाई सांडली आणि जुन्या मागणीपत्रांची विमाने केली. काहींचा त्यांना तेवढाच उपयोग झाला. पण त्या दिवशी सफाई व कँटीन विभागातल्या नऊ स्त्रिया आल्या. पूर्वी सबंध वर्षात तितक्या येत नसत. आणि जी चर्चा तीन तासांत संपत नसे ती दीड तासात संपली. तीन तासांपैकी दीड तास आम्ही एकमेकांची भाषणे ऐकत होतो, हे तेव्हा कळले.

घरातही पाळ्या लावल्या. पाण्याच्या दिवशी पाच वाजता मी घरी असतो. रात्रीची भांडी सोमवार, बुधवार आणि शनिवार माझी. हे मोठे काम केले असे सांगण्याकरिता सांगत नाही. दोन बादल्या उचलणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे फार लवकर प्रशस्तिपत्र मिळते. शेजारच्या बायका माझ्या पत्नीला म्हणतात, "तुमचे मिस्टर फार चांगले." तिला मात्र गेल्या पंधरा वर्षांत तीच भांडी घासल्याबद्दल कोणी चांगली म्हटले नाही. शिवाय माझ्या पाळ्या चुकतातही. या एप्रिलमध्येच दोनदा चुकल्या. तेव्हा थोरलीने भिंतीवरच्या कागदावर माझ्या नावापुढे गैरहजर असे लिहिले. बिनपगारी, असेही लिहिले.

आता काही मंडळी म्हणतील, सर्वच कार्यकर्ते पाच वाजता घरी गेले तर चळवळ कोण करणार? ज्यांची नोकरी आज गेली त्यांनी रविवारची वाट पाहावी काय? प्रश्न खरा आहे. टाळेबंदीच्या रात्री घड्याळ पाहता येत नाही, आणि मी पाहतही नाही. घरच्या माणसांनाही ते कळते. अडचणीच्या रात्री माझ्या आईने कचेरीत बसलेल्या वीस माणसांचा पिठले-भात करून पाठविला आहे. पण वर्षातल्या अशा रात्री किती? मी मोजल्या. जुन्या वहीवरून गेल्या दहा वर्षांचा हिशेब काढला. खरोखर अडलेल्या रात्री वर्षाकाठी पंधरा-वीसपेक्षा अधिक निघाल्या नाहीत. बाकीच्या रात्री मी बाहेर होतो, कारण बाहेर असणे सोपे होते. बाहेर लोक ऐकतात. घरी तवा उतरवावा लागतो.

आणि दुसरे असे. आपण मालकाला म्हणतो, तुमच्या नफ्याकरिता आमच्या आयुष्याचे तास घेऊ नका. मग आपल्या चळवळीकरिता दहा वर्षांच्या मुलीचे तास घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तिने ते आनंदाने दिले, हे उत्तर नव्हे. आनंदाने जादा काम करणारे कामगार मी पुष्कळ पाहिले आहेत. तेथे आपण म्हणतो, त्याला नाही म्हणावयाची सोय नव्हती. आक्काला ती नव्हती. माझ्या मुलीलाही, ज्या घराच्या भिंतीवर शिकागोच्या हुतात्म्यांचे चित्र आहे त्या घरात, ती नव्हती.

मुलगी पुन्हा खो-खो खेळते का, असे आपण मनात विचारीत असाल. त्या वर्षी संघ निवडून झाला होता, ती गेली नाही. पुढल्या वर्षी मी म्हटले, आता जा, पाणी मी भरीन. ती गेली, पण आठ दिवसांत परत आली. तिच्याबरोबरीच्या मुली पुढे गेल्या होत्या, सूर मारावयास शिकल्या होत्या. ती म्हणाली, "बाबा, आता नको." यंदा तिला वाचनालय लावले आहे, आणि संध्याकाळी ती धाकटीला पळावयास शिकविते. धाकटी चांगली पळते. यात मी समाधान मानावे असे पुष्कळांनी सांगितले. मी मानीत नाही. जादा कामाचा दुप्पट दर द्यावा, असे १९४८ च्या कायद्याने मालकांना बजावले. दर देऊन तास परत येत नसतो, पण निदान घेणाऱ्याला तो महाग पडतो. मुलीच्या एका वसंताला कसला दर लावणार? तिने तो मला फुकट दिला, आणि मी घेतला हे मला माहीतही नव्हते.

गेल्या पाडव्याला आक्काला फोन केला. प्रथमच सगळे बोललो, शाळेचे, म्हशीचे, त्या तीन वर्षांचे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, मला गणित यायचं. मास्तर म्हणायचे." एवढेच म्हणाली आणि कुरडया वाळल्या का म्हणून विचारू लागली.

मित्रहो, आपण पुष्कळ जण येथून घरी जाल तेव्हा जेवण तयार असेल. ते कोणाच्या तिसऱ्या आठ तासांतून झाले, आणि त्या घरातली लहान मुलगी या उन्हाळ्यात कोठे जावयाची थांबली आहे, एवढे एकदा विचारून पाहा. ती आपण होऊन सांगणार नाही.

चालकांनी फराळास थांबण्याचा आग्रह केला आहे, परंतु त्यांनी क्षमा करावी. आज बुधवार आहे, रात्रीची भांडी माझ्या पाळीत आहेत, आणि आमच्या घरी बदली कामगार मिळत नाही.